प्रदर्शनातलं ऑर्किड आणि आपल्या आंब्यावरची आमरी

भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणि पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दर हिवाळ्यात पुष्पप्रदर्शन भरतं. कोकणातून पुष्कळ मंडळी आवर्जून जातात, येताना हातात एखादं ऑर्किड, म्हणजे आपली आमरी, असतं, आणि पुढे महिन्या-दोन महिन्यांत या सदराकडे पत्रं येऊ लागतात. यंदाच्या पत्रांतली काही निवडली आहेत.

मागच्या वर्षी मुंबईच्या प्रदर्शनातून जांभळ्या फुलांचं फॅलेनॉप्सिस आणलं. फुलं दोन महिने टिकली. आता पानं हिरवीगार आहेत, पण दांडा काही येत नाही. झाडातच खोट आहे का? — एक वाचक, गुहागर

ताई, झाडात खोट नाही. पानं हिरवीगार आहेत म्हणजे अर्धी लढाई तुम्ही जिंकलेली आहे. फॅलेनॉप्सिसला फुलाचा दांडा काढायला गारव्याची खूण लागते. रात्रीचं तापमान तीन-चार आठवडे १८ ते २० अंशांच्या आसपास राहिलं की पानाच्या बेचक्यातून दांडा डोकावतो. प्रदर्शनात येणारी झाडं थंड ठेवलेल्या पॉलिहाऊसमधून फुलवून आणलेली असतात. किनाऱ्यावर असा गारवा मिळतो तो फक्त डिसेंबर-जानेवारीत, आणि तेव्हाच आपण झाड जपायचं म्हणून बंद खोलीत नेऊन ठेवतो. यंदा उलट करा. नोव्हेंबरअखेर कुंडी पूर्वेच्या पडवीत किंवा झाडाच्या सावलीत टांगा आणि संक्रांत होईपर्यंत रात्रीही तिथेच राहू द्या. थेट ऊन मात्र नको. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं पान भाजून काढतं.

दुसरी गोष्ट कुंडीची. विकत आणलेलं झाड बहुतेक वेळा शेवाळात घट्ट बसवलेलं असतं. प्रवासाला ते ठीक, पण आपल्या पावसाळ्यातल्या हवेत ते शेवाळ आठ-आठ दिवस वाळत नाही आणि आतली मुळं कुजतात. फुलं संपली की शेवाळ काढून कोळशाचे आणि विटांचे तुकडे नि नारळाच्या सोडणाचे काप यांत झाड बसवा. सोडणं आधी आठवडाभर पाण्यात भिजवा आणि पाणी रोज बदला, म्हणजे त्यातला तुरटपणा आणि क्षार निघून जातात. पाणी कधी घालायचं ते मुळंच सांगतात. मुळावरचं आवरण कोरडं असलं की चंदेरी-पांढरं दिसतं, ओलं झालं की हिरवं. हिरवं दिसतंय तोवर झारी उचलू नका.

आमच्या हापूसच्या जुन्या कलमांवर ऑर्किडचे झुबके आहेत. गडी म्हणतात, ही बांडगुळं आहेत, खरवडून टाकू. काय करावं? — बागायतदार, राजापूर

खरवडू देऊ नका. बांडगूळ फांदीच्या आत मूळ घुसवून झाडाचा रस ओढतं, ते काढलंच पाहिजे. ऑर्किड सालीला नुसतं धरून असतं. पावसाचं पाणी, दव आणि सालीवर साठलेला पालापाचोळा एवढ्यावर ते जगतं, अन्न स्वतः तयार करतं. आंब्याचं त्यात काही जात नाही. ओळखायलाही सोपं: बांडगुळाच्या जागी फांदी गाठीसारखी फुगलेली असते, ऑर्किडची मुळं सालीवर उघडी पसरलेली दिसतात. विरळणीत एखादी फांदी तोडावीच लागली तर तिच्यावरचं ऑर्किड सालीच्या तुकड्यासकट सोडवून दुसऱ्या झाडावर बांधा.

प्रदर्शनाच्या दाराबाहेर आणि आठवडा बाजारातही सीतेच्या वेणीचे, म्हणजे आपल्या रानातल्या ऑर्किडचे, मुळासकट उपटलेले झुबके स्वस्तात विकायला येतात. मी नाही घेतले तर दुसरं कोणी घेणारच. मग निदान मी घेऊन जगवले तर काय वाईट? — एक वाचक, कुडाळ

हा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आज तुम्ही एक झुबका घेतलात, तर पुढच्या बाजाराला तो विक्रेता दोन आणणार. तुमचा हेतू त्याला कळत नाही, खप कळतो. शिवाय उपटलेली झाडं फारशी जगत नाहीत. सालीला घट्ट चिकटलेली मुळं ओढताना तुटतात, आणि या झाडाचं पाणी पिणं, तग धरणं सगळं त्या मुळांवरच असतं. घरी आणल्यावर पानं दोन-चार महिने हिरवी दिसतात ती साठवणीवर, आणि मग सुकत जातात.

जंगलात त्याची भरपाई लवकर होत नाही. ऑर्किडच्या एका बोंडात धुळीसारखं बारीक बी लाखोंनी असतं, पण त्या बीमध्ये अन्नसाठाच नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. लाखांतलं एखादं झाड उभं राहतं आणि त्यालाही फुलायला कित्येक वर्षं लागतात. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, बुरशीशिवाय, हे बी रुजवून दाखवलं. आज प्रदर्शनात रास्त दरात मिळणारी ऑर्किडं त्या शोधाच्या वाटेवरची आहेत. बाटलीत वाढवलेली रोपं मिळत असताना जंगल ओरबाडायचं काही कारण उरलेलं नाही. आणि राखीव जंगलातून परवानगीशिवाय वनोपज आणणं हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, हेही विक्रेत्याला शांतपणे सांगा. पुष्कळांना ते खरंच माहीत नसतं.

प्रदर्शनात घेताना झाड कुठलं आहे ते ओळखता येतं. रोपवाटिकेतल्या झाडाची मुळं कुंडीच्या आकारात वळलेली असतात, पानं एकसारखी असतात, नावाची पट्टी असते. जंगलातल्या झाडाला सालीचे तुकडे चिकटलेले असतात, पानांवर दगडफुलाचे ठिपके नि किड्यांनी कुरतडल्याच्या खुणा असतात, मुळांची टोकं तुटलेली असतात. शंका आली की विचारा, रोप कुठे तयार झालं? नीट उत्तर मिळालं नाही तर पुढच्या दुकानाकडे वळा.

सीतेची वेणी हवीच असेल तर एक वाट आहे. पहिल्या वाऱ्या-पावसात फांद्या मोडून पडतात. तुमच्या स्वतःच्या परड्यात, बागेत अशी फांदी पडली तर तिच्यावरची ऑर्किडं जमिनीवर कुजण्याआधी वाचवा. सालीसकट सुटेल तेवढं सोडवा आणि आंबा किंवा फणसासारख्या खरबरीत सालीच्या झाडावर, डोक्याच्या उंचीवर, सुंभाने आवळून बांधा. पेरू नको, त्याची साल सोलून गळते आणि ऑर्किडही तिच्याबरोबर खाली येतं. औषध फवारणीतलं कलमही नको. जून-जुलैत बांधलेलं झाड पाऊस संपायच्या आत नवी मुळं धरतं. वेणी मात्र पुढच्याच मे महिन्यात मागू नका. हेच फूल आसामचं राज्यफूल आहे. तिथे ते कपौ फूल, बिहू नाचणाऱ्या मुली ते केसांत माळतात. आपल्याकडे ते रस्त्याकडेच्या आंब्यावर फुलतं आणि एसटीतून जाणारा माणूस मान वर करून बघत नाही, याची मला दर वर्षी हळहळ वाटते.

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर आहे. डेंड्रोबियमच्या काठ्या दर पावसाळ्यात काळ्या पडून कुजतात, उन्हाळ्यात पानांची टोकं जळतात. सुपारीवर मारतो ते बोर्डो मिश्रण मारू का? — एक वाचक, देवगड

बोर्डो नको. कोळेरोगावर ते उत्तम आहे, पण त्यातलं तांबं डेंड्रोबियमच्या कोवळ्या कोंबांना आणि कळ्यांना जाळतं.

औषधाआधी छप्पर बघा. कोकणात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस चार महिन्यांत कोसळतो. नुसती शेडनेट ऊन अडवते, पाऊस अडवत नाही. ५० टक्क्यांच्या नेटवर पारदर्शक पत्रा किंवा जाड प्लास्टिक उतरतं घाला आणि बाजू पूर्ण मोकळ्या ठेवा. कुंड्या जमिनीवर न ठेवता टांगा, दोन कुंड्यांत वीतभर अंतर ठेवा. कोंडलेली ओल हेच कुजण्याचं मूळ आहे. त्याने गोगलगायीही कमी होतात, तरी रात्री बॅटरी घेऊन एक फेरी मारा. कोवळा कोंब आणि कळी हे त्यांचं आवडतं खाणं, आणि हाताने वेचण्याइतका खात्रीचा उपाय मला दुसरा माहीत नाही.

काळी पडलेली काठी निरोगी भागापर्यंत कापून टाका. ब्लेड दर कापाला ज्योतीवर धरा आणि कापल्या जागी दालचिनीची पूड दाबा. पूड मुळांवर सांडू नका, ती मुळंही सुकवते. फक्त पानं गळून उघडी पडलेली हिरवी काठी मात्र कापायची नाही! तिच्यात पाणी आणि अन्न साठलेलं असतं, कित्येकदा तिच्याच शेंड्याला पुन्हा फुलं येतात.

टोकं जळतात ती खाऱ्या वाऱ्याने आणि बहुधा पाण्यानेही. खाडीलगतच्या विहिरी एप्रिल-मे मध्ये मचूळ होतात. माणसाला तेवढं मचूळ पाणी चालून जातं, ऑर्किडच्या मुळांना नाही. कुंडीच्या कडेला पांढरी पापडी दिसली की समजा क्षार साठले आहेत. पागोळ्यांचं पाणी पिंपात झाकून साठवा, उन्हाळ्यात ते फक्त ऑर्किडला वापरा आणि वारा खारा असेल त्या दिवशी सकाळी पानंही त्याने धुवा. खत १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही झाड वाढीवर असताना. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढा.

आमच्या तालुक्याच्या पुष्पप्रदर्शनात माझ्या ऑर्किडला बक्षीस मिळालं नाही, कमी फुलांच्या झाडाला मिळालं. परीक्षक नेमकं काय बघतात? — एक वाचक, अलिबाग

फुलांची संख्या बघतात, पण तेवढीच नाही. फुलं ताजी आणि एकसारखी उमललेली आहेत का, दांड्यावर नीट मांडलेली आहेत का, पानांवर खवले कीड किंवा डाग आहेत का, झाड कुंडीत घट्ट बसलं आहे का आणि नावाची पट्टी बरोबर आहे का, हे सगळं मोजलं जातं. पानांना तेल किंवा चकाकी आणणारा फवारा लावू नका, परीक्षकाला तो लगेच दिसतो. पानं ओल्या मऊ फडक्याने पुसली की पुरे. कळ्या दिसू लागल्यावर कुंडी फिरवू नका, नाहीतर फुलं चहूकडे तोंडं करतात. आणि पट्टीवर नुसतं 'ऑर्किड' लिहू नका. संकरित ऑर्किडांची जागतिक नोंदणी १९६१ पासून लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी सांभाळते. रोप घेताना नाव विचारून लिहून ठेवलंत तर पट्टीवर ते आत्मविश्वासाने लिहिता येईल.

शाळेतर्फे गावात छोटं ऑर्किड प्रदर्शन भरवायचं आहे. २६ जानेवारीला भरवावं असं ठरतंय. काय मांडावं? — शिक्षक, रत्नागिरी तालुका

गुरुजी, कल्पनेचं मनापासून स्वागत, पण तारीख बदला. जानेवारी ही मोठ्या शहरांतल्या प्रदर्शनांची सोय आहे. कोकणातली बहुतेक आमरी तेव्हा फुलाविना असते, मग टेबलावर फक्त विकतची झाडं उरतात आणि मुलांना वाटतं की ऑर्किड बाहेरूनच येतं. आपलं वेळापत्रक वेगळं आहे. फेब्रुवारी-मार्चपासून पानं गळालेल्या डेंड्रोबियम बार्बाट्युलमच्या काठ्या पांढऱ्या फुलांनी भरतात. उन्हाळ्यात कॉटोनिया फुलतं, ज्याच्या फुलाची पाकळी हुबेहूब बसलेल्या माशीसारखी दिसते. मे-जूनमध्ये सीतेची वेणी, मग एरिडिसचे गुलाबी घोस. पहिल्या पावसानंतर जमिनीतली आमरी वर येते: हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिसचं एकच पान जमिनीला चिकटलेलं आणि वर पांढरं फूल.

म्हणून दोन भाग करा. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात गावातल्या झाडांची फेरी काढा. सीतेची वेणी त्या सुमारास मिळण्याची चांगली शक्यता असते, तरी आधी एकदा स्वतः फिरून बघा. कुठल्या घरच्या, कुठल्या देवळामागच्या झाडावर काय फुललंय याचा नकाशा मुलांनी करावा. प्रदर्शनाची मांडणी तीच, फुलं झाडावरच राहतील. दुर्बीण असेल तर उत्तमच. जुलैत सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, न्या, पण ठरलेल्या पायवाटेने आणि थोड्या थोड्या मुलांच्या गटांनी. कातळावरची माती बोटभर जाडीची असते, एका पावलाखाली किती कंद जातात ते दिसतही नाही. त्याच सड्यावर दिपकाडीही भेटेल, ती आमरी नव्हे, कंदातून येणारं रानफूल. तिची एक जात फक्त कोकणच्या कातळसड्यांवरच सापडते.

वर्गात मांडायला मात्र संकरित डेंड्रोबियमची एक-दोन कुंड्या ठेवा, कारण तिथे हात लावता येतो. मुलांना मोजू द्या: बाहेरची तीन दलं, आतल्या तीन पाकळ्या, त्यांतली एक वेगळी, म्हणजे ओठ. ओठाच्या वरचा छोटा दांडा म्हणजे स्तंभ, त्यात नर-मादी दोन्ही भाग एकत्र. स्तंभाच्या टोकाखाली नारळाचा हीर हळूच सरकवून बाहेर ओढला की त्याला पिवळे परागपुंज चिकटून येतात. भुंग्याच्या पाठीवर असेच चिकटतात. हा प्रयोग एकाच फुलावर करा, आणि रानातल्या फुलावर कधीच नाही.

प्रदर्शनात व्हॅनिलाची वेल ऑर्किड म्हणून ठेवली होती. खरं का? सुपारीवर चढवता येईल? — एक वाचक, दापोली

खरं आहे. व्हॅनिला ऑर्किडच्याच कुळातली. सुपारीच्या बागेतली सावली आणि पाटाचं पाणी तिला मानवतं, तिसऱ्या वर्षाच्या सुमाराला ती फुलते. परागीभवन मात्र हाताने करावं लागतं, कारण तिचे मूळचे परागवाहक आपल्याकडे नाहीत. ही सोपी हातची रीत १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली आणि आजही जगभर तीच वापरतात. फूल एकच सकाळ उघडं असतं, त्यामुळे फुलोऱ्याच्या दिवसांत रोज पहाटे बागेत जायची तयारी हवी. शेंगांचा भाव फार वर-खाली होतो, तेव्हा त्यावर कर्ज काढू नका. हौसेने चार वेली लावा, आणि एका घोसातली आठ-दहा फुलंच फळवा, त्याहून जास्त धरली तर शेंगा बारीक राहतात आणि वेल खंगते.