‘रन’ या एका शब्दाला इतके अर्थ कसे?

प्रश्न : ‘रन’ म्हणजे धावणे, एवढेच आम्ही शाळेत शिकलो. आता मुलीबरोबर इंग्रजी वाचताना नाक, नळ, कंपनी आणि निवडणूक या सगळ्यांसाठी तोच शब्द आलेला दिसतो. त्याचे सहाशेहून अधिक अर्थ आहेत, असेही वाचनात आले. हे खरे आहे का, आणि असल्यास ते लक्षात कसे ठेवायचे?

उत्तर : संख्या खरी आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीसाठी ‘रन’ची नोंद नव्याने लिहिली गेली, तेव्हा केवळ क्रियापदाचेच ६४५ अर्थ वेगळे काढण्यात आले आणि पीटर गिलिव्हर या कोशकारांना त्या कामासाठी नऊ महिने लागले. त्याआधी, म्हणजे १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत, सर्वाधिक अर्थांचा मान ४००हून अधिक अर्थ असलेल्या ‘सेट’कडे होता. मात्र या आकड्याने दडपून जाऊ नये. हा ऐतिहासिक कोश असल्यामुळे आज वापरातून गेलेले अर्थही तो जपतो, आणि ज्या छटा आपण सहज एकत्र धरू त्यांनाही तो स्वतंत्र क्रमांक देतो.

अर्थांची यादी पाठ करण्यापेक्षा ते कोणत्या वाटेने वाढले हे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. या शब्दाच्या जुन्या इंग्रजी रूपांत माणसाचे धावणे आणि पाण्याचे वाहणे हे दोन्ही अर्थ होते. त्याच कुळातले जर्मन क्रियापद ‘रिनेन’ आजही वाहण्यासाठीच वापरतात. त्यामुळे नळ ‘रन’ होतो, सर्दीत नाक ‘रन’ होते आणि धुताना एका कपड्याचा रंग दुसऱ्याला लागतो तेव्हा तो रंगही ‘रन’ होतो. यात कोणाचेही पाय हलत नाहीत, पण काहीतरी न थांबता पुढे सरकत असते. अखंड गतीची ही कल्पना हाती आली की यंत्र, घड्याळ आणि रंगभूमीवर महिनोन्महिने होत राहणारे नाटक यांच्यासाठी हाच शब्द का आला, ते वेगळे सांगावे लागत नाही. आणि इथे मराठी वाचकाला एक मोठी सोय आहे : इंग्रजीत जे धावते ते मराठीत बहुधा चालते. आपले यंत्र चालते, घड्याळ चालते, नाटकही चालते.

गोंधळ खरा होतो तो पुढच्या पायरीवर. ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ ही मराठीत दोन रूपे आहेत. इंग्रजीत दोन्हींचे काम एकटे ‘रन’ करते. ‘द मशीन रन्स’ म्हणजे यंत्र चालते आणि ‘शी रन्स द मशीन’ म्हणजे ती यंत्र चालवते. कंपनी चालवणे, वर्तमानपत्राने बातमी छापणे, संगणकावर एखादा प्रोग्रॅम सुरू करणे हे सारे अर्थ या दुसऱ्या प्रकारातले आहेत. म्हणून वाक्यात ‘रन’ दिसला की त्याला कर्म आहे का, हे प्रथम पाहावे. एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळ अर्थ आपोआप बाजूला पडतात.

त्यानंतर शेजारचा लहानसा शब्द पाहावा. ‘रन आउट’ म्हणजे संपणे, ‘रन इंटू’ म्हणजे अचानक गाठ पडणे, ‘रन ओव्हर’ म्हणजे वाहनाखाली चिरडणे. ‘टू रन अ बँक’ म्हणजे बँक चालवणे. पण ‘अ रन ऑन द बँक’ म्हणजे बँक बुडेल या धास्तीने ठेवीदारांनी पैसे काढण्यासाठी केलेली झुंबड. सप्टेंबर २००७मध्ये ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक या बँकेच्या शाखांबाहेर रांगा लागल्या, तेव्हा हाच वाक्प्रयोग जगभरच्या बातम्यांत आला. एका ‘ऑन’मुळे व्यवस्थापनाची गोष्ट घबराटीची होते, आणि भाषांतर करताना ती नजरेतून निसटली तर बातमीचा अर्थच उलटतो.

निवडणुकीचा अर्थ मात्र देशाप्रमाणे बदलतो. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, तर ब्रिटनमध्ये परंपरेने ‘स्टँड’ करतो. आपण ‘निवडणुकीला उभा राहिला’ म्हणतो, ते ब्रिटिश प्रयोगाच्या जवळचे आहे. क्रिकेटमधल्या ‘रन’ने तर मूळ क्रियेची गरजच उरू दिलेली नाही : चेंडू जमिनीला टेकून सीमापार गेला की फलंदाज जागचा हलला नाही तरी चार धावा मिळतात.

मुलीला सुटा शब्द आणि त्याचा सुटा अर्थ लिहून देऊ नका. वहीत पूर्ण वाक्य उतरवू द्या, काय पुढे सरकते आहे आणि कोण सरकवते आहे हे तिलाच विचारा, आणि कोश त्यानंतर उघडा.

प्रश्न : ‘बॅट’ म्हणजे क्रिकेटची बॅट आणि वटवाघूळही. हा त्याच प्रकारचा शब्द आहे का?

उत्तर : नाही. ‘रन’चे अर्थ एकाच खोडाच्या फांद्या आहेत, इथे दोन निराळे शब्द उच्चाराने एकत्र आले आहेत. खेळातली ‘बॅट’ दांडक्यासाठी असलेल्या जुन्या शब्दापासून आली. वटवाघळाचे नाव पूर्वी ‘बाके’ असे होते, त्याचे नाते स्कँडिनेव्हियन भाषांशी आहे, आणि ते पुढे बदलत ‘बॅट’ झाले. म्हणूनच चांगल्या कोशात या दोन शब्दांच्या नोंदी स्वतंत्र असतात आणि शब्दाच्या डोक्यावर लहान क्रमांक छापलेला असतो. ‘रन’ क्रियापदाचे सगळे अर्थ मात्र एकाच नोंदीखाली सापडतील.