वाचकांचे प्रश्न : मेट्रो, खोदकाम आणि वारसा

प्रश्न : ग्रीसमधील थेसालोनिकी येथे मेट्रोसाठी खोदताना सापडलेला प्राचीन रस्ता उचलून दुसरीकडे नेला आणि स्थानक बांधून झाल्यावर पुन्हा त्याच जागी बसवला, असे वाचले. याला जतन म्हणावे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : माझ्या मते हे अर्धेच जतन आहे. व्हेनिझेलू स्थानकाच्या जागी सापडला तो सुटा रस्ता नव्हता. संगमरवरी फरशीचा बायझंटाईन (म्हणजे रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडील भागाच्या) काळातील हमरस्ता, त्याला छेदणारा दुसरा रस्ता आणि चौकालगतच्या इमारतींचे अवशेष असा नगराचा एक सलग भागच तेथे उघडा झाला होता. आजचा एग्नातिया रस्ता बराचसा त्याच रेषेत धावतो, म्हणजे शहराची मुख्य वाट शतकानुशतके जागची हललेली नाही, आणि या अवशेषांचे खरे मोल त्या सातत्यात आहे.

अवशेष जागेवरच ठेवून त्यांच्याखाली स्थानक बांधावे, असा निर्णय मधल्या काळात झालाही होता. २०१९ मध्ये सत्तांतरानंतर वेळ आणि खर्चाचे कारण देऊन तो फिरवण्यात आला. पुरातत्त्वज्ञांनी व नागरिकांनी न्यायालयात दाद मागितली, परंतु त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या. त्यानंतर अवशेषांचे भाग सुटे करून हलवण्यात आले व पुढे परत बसवण्यात आले, आणि ३० नोव्हेंबर २०२४ रोजी मेट्रो सुरू झाली. आज प्रवाशाला तेथे दिसणारे दगड अस्सल आहेत. मात्र दगडांखालचे मातीचे थर आणि त्या थरांचे परस्परांशी असलेले नाते, ज्यावरून काळाचा क्रम ठरतो, ते उत्खननाच्या नोंदींपुरते उरले आहे. स्मारक त्याच्या परिसरापासून वेगळे करता येत नाही आणि त्याच्या रक्षणासाठी अनिवार्य असल्याखेरीज किंवा सर्वोच्च महत्त्वाच्या राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय हितासाठी समर्थनीय असल्याखेरीज ते हलवू नये, असे स्मारकांच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचे सातवे कलम सांगते. येथे हलवण्याची निकड स्थानकाची होती, अवशेषांची नव्हे, म्हणून मला हा निर्णय पटत नाही.

प्रश्न : भुयार पुरेसे खोल नेले तर हा प्रश्नच उद्भवणार नाही, असे का नाही? – एक वाचक, मुंबई

उत्तर : भुयारापुरते आपले म्हणणे बरेचसे खरे आहे. मानवी वस्तीचे थर सहसा वरच्या काही मीटरांत असतात आणि भुयार खोदणारे यंत्र त्यांच्या खालून जाऊ शकते. परंतु स्थानके, जिने आणि हवा खेळती ठेवणारे उभे बोगदे जमिनीच्या पृष्ठभागापासून खाली खणावे लागतात, आणि नुकसान प्रामुख्याने तेथे होते. अथेन्समध्ये केरामाइकोसच्या प्राचीन दफनभूमीजवळ नियोजित केलेले स्थानक म्हणूनच सोडून देण्यात आले व मार्गिका वळवली गेली. त्या नावाचे आजचे स्थानक गाझी भागात आहे. उलट सिंटाग्मा स्थानकात उत्खनन आधी पूर्ण करून जमिनीच्या थरांचा उभा छेद काचेमागे प्रवाशांपुढे मांडला आहे.

जमिनीवरच्या जुन्या इमारतींना मात्र खोल भुयाराचाही धोका असतो. कंपने आणि खोदकामामुळे उतरणारी भूजलपातळी या दोहोंमुळे पाया असमान खचू शकतो, आणि दगड-चुन्याच्या बांधकामाला असे खचणे फारसे सोसत नाही. मुंबईत मेट्रो-३ च्या कामादरम्यान फोर्टमधील जे. एन. पेटिट ग्रंथालयाच्या इमारतीचा प्रश्न २०१७ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला, तो याच काळजीपोटी.

आपल्याकडील कायद्याने राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र ठरवले आहे. हे अंतर घोषित स्मारकापासून मोजले जाते, त्यामुळे पुण्यातील कसबा पेठेसारख्या सर्वांत जुन्या वस्तीखाली काय दडले आहे, याला त्या मोजणीत स्थान नाही. ज्या शहरांत अजून भुयारी मार्गिकांचे आराखडे कागदावर आहेत, तेथे स्थानकाची जागा निश्चित होण्यापूर्वी चाचणी उत्खनन आणि जुन्या नकाशांचा अभ्यास सक्तीचा करावा, आणि त्याचा खर्च व कालावधी मूळ अंदाजपत्रकातच धरावा, अशी मागणी आपण वाचकांनी प्रकल्पाच्या जनसुनावणीत लेखी नोंदवावी. निविदा निघाल्यानंतर स्थानक सरकवणे जवळपास अशक्य होते.