प्रिंटर नंतर, आधी ताईंच्या घरी जा

अरे ताईंना धरायला सोपा चमचा बनवायचाय म्हणून थ्रीडी प्रिंटर लगेच चालू करू नकोस. आधी ताईंच्या घरी जा, त्या भाकरी कशी मोडतात, तांब्या कुठल्या हाताने उचलतात ते तासभर नुसतं बघ. १९६८ चा जयपूर फूट, म्हणजे तो कृत्रिम पाय, लोकांनी वापरला कारण तो घालून उकिडवं बसता येतं, अनवाणी शेतात जाता येतं.

चमच्याची मूठ जाड करायचीय ना, मग पहिल्यांदा एसीच्या पाइपवरचा फोम चढवून दे, आठवडाभर वापरू दे, कुठे सटकतं कुठे टोचतं ते त्याच सांगतील आणि उपायही बऱ्याचदा त्यांनाच सुचतो, खरंच. चमचा हाताला अडकवायला पट्टा लावलास तर काढल्यावर कातडी बघ, लाली वीसेक मिनिटांत गेली नाही तर तो परत वापरायला देऊ नकोस, आधी जागा बदल. आणि हो, रंग पण त्यांनाच विचार.