ब्रेक ढिले झाले की वायर ओढून कसतो, पण दरवेळी तिचं टोक पिंजारतं. काय करू?

प्रश्न थोडक्यात असा: सायकलला व्ही-ब्रेक आहेत, म्हणजे चाकाच्या दोन बाजूंनी दोन लांब हात रिमवर रबर दाबतात ते. नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या उतारावर लिव्हर पार हँडलला टेकायला लागली की तुम्ही ब्रेकवरचा बोल्ट उघडता, वायर पकडीनं ओढता आणि पुन्हा कसता. टोकाच्या तारा सुटतात, फुलतात, आणि पुढच्या वेळी ती वायर बोल्टखालून जातच नाही. दुकानदार म्हणतो, "वायरच बदला."

आधी मीच एक विचारतो. बोल्ट उघडता काहून?

रबर झिजून ब्रेक थोडे ढिले झाले तर बोल्टला हात लावायचं काम नाही. वायर लिव्हरमध्ये शिरते तिथे बोटांनी फिरणारा एक गोल स्क्रू असतो, त्याला बॅरल ॲडजस्टर म्हणतात. त्यामागची पातळ चकती, म्हणजे लॉकनट, सैल करा, स्क्रू बाहेरच्या बाजूला दोन-तीन फेरे काढा आणि चकती परत लिव्हरला भिडवून घट्ट करा. स्क्रू बाहेर आला की आउटर, म्हणजे वायरवरची जाड नळी, पुढे ढकललं जातं, आतली वायर ताणली जाते आणि रबर रिमच्या जवळ येतं. रबर आणि रिममध्ये दोन्ही बाजूंनी एक-दोन मिलिमीटर फट राहिली की झालं. हे हातानं, पाना न लावता, घराच्या फाटकाशी उभं राहून होतं. स्क्रू इतकाही काढू नका की दोन-तीनच आटे आत उरतील. तिथवर वेळ आली की मग बोल्ट उघडायचा. तेव्हा आधी स्क्रू जवळजवळ पूर्ण आत फिरवून घ्यायचा, म्हणजे पुढचे कित्येक महिने पुन्हा फिरवायला जागा मिळते. बहुतेक जण हेच विसरतात. स्क्रू बाहेर तसाच ठेवून वायर ओढून कसतात, आणि महिन्याभरात परत पाना हातात.

आता वायर तिथेच का पिंजारते ते बघा. ब्रेकची वायर दीड-एक मिलिमीटर जाडीची असते, पण ती एकसंध नसते. साधारणपणे १९ बारीक तारांचा पीळ असतो: मध्ये एक, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा. बोल्ट कसला की त्या जागी पीळ चेपून चपटा होतो. तुम्ही वायर ओढून दोन-तीन मिलिमीटर पुढे कसली की नवा चेप जुन्या चेपाच्या काठावर बसतो. चपट्या झालेल्या तारा तिथे मोडतात. वर पकडीचे दात आहेतच, ते ओढताना बाहेरच्या तारा सोलून काढतात. वायर वाईट निघते असं नाही, आपण तिला एकाच वीतभर जागेत परत परत चावतो.

बोल्ट उघडणं भागच असेल तर पकडीनं ओढू नका. व्ही-ब्रेकचे दोन्ही हात एका मुठीत धरून रबर रिमवर दाबा. जुन्या ट्यूबची पट्टी भोवती गुंडाळली तर हात मोकळा राहतो. असं दाबून धरलं की वायर आपोआप सैल पडते आणि बोटांनी ओढता येते. बोल्टही पूर्ण काढायचा नसतो, वायर सरकेल इतकाच ढिला करायचा. पूर्ण काढला की वॉशर निसटतो, आणि मग पिंजारलेलं टोक त्या खाचेत घालायची कसरत सुरू होते.

कसताना वॉशरवर नजर ठेवा. वायर वॉशरच्या खाचेतच बसली पाहिजे. बोल्टबरोबर वॉशर फिरायला लागला की तो वायरला आपल्याबरोबर ओढतो, आणि कडेच्या तारा तिथेच तुटतात. बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली थोडं ग्रीस लावलं तर वॉशर फिरत नाही. वायरला मात्र ग्रीस लागू देऊ नका, नाही तर ती निसटेल. पाच मिलिमीटरच्या ॲलन कीनं, म्हणजे सहाकोनी टोकाच्या चावीनं, मनगटाच्या जोरानं कसा, पाइप लावून नको. मोजायचंच असेल तर सहा ते आठ न्यूटन-मीटर पुरतं. कसल्यावर लिव्हर पूर्ण ताकदीनं चार-पाचदा दाबा. वायर सरकायची असेल तर इथेच सरकू द्या, उतारावर नको.

खरी गंमत टोकाची आहे. नवी वायर येते तेव्हा कारखान्यात टोक वितळवून जोडलेलं असतं, म्हणून ती आउटरमधून सरळ जाते. ती आत घालून, ब्रेक लावून, दाबून बघून झाल्यावरच कापा. बोल्टपुढे चार-पाच सेंटिमीटर ठेवा, पुढे कधी चेपलेला भाग सोडावा लागला तर वायर उरते. कापायला केबल कटर हवा. त्याचे जबडे गोलाकार असतात, ते वायरला चहूबाजूंनी घेरून कापतात. पकडीच्या काठानं कापलं की तारा चिरडून पसरतात. कटर नसेल तर वायरवर सेलोटेप घट्ट गुंडाळा, लोखंडी ठोकळ्यावर ठेवा आणि धारदार छन्नीचा एकच घाव घाला. टेपच्या मध्येच कापायचं.

कापल्याबरोबर टोक बंद करा, उद्यावर टाकू नका. दुकानात ॲल्युमिनियमच्या छोट्या टोप्या मिळतात, त्या पकडीनं दोन जागी चेपायच्या. मिळाली नाही तर जुन्या स्पोकचा पितळी निपल (स्पोक रिमला धरून ठेवणारी बारीक नळीसारखी चकरी) घालून चेपा, तो तर जास्त घट्ट बसतो. डाख देणं मला सगळ्यात आवडतं, कारण टोपी काढावी लागत नाही आणि वायर हवी तेव्हा बोल्टखालून परत जाते. त्यासाठी कापायच्या जागेचं तेल-ग्रीस आधी पेट्रोलनं पुसा, पेट्रोलचा डबा आणि बोळा दूर ठेवून वायर पूर्ण सुकू द्या, मग डाख द्या, आणि डाखाच्या मधोमध कापा. पण स्टेनलेसच्या वायरला रेडिओवाल्याचा साधा फ्लक्स (डाख धरावा म्हणून आधी लावतात तो लेप) चालत नाही, डाख नुसता गोळा होऊन घरंगळतो. तिला ॲसिड फ्लक्स लागतो, आणि नंतर पाण्यानं नीट धुवायचं. एवढा खटाटोप नको असेल तर टोकावर फेव्हीक्विकचा एक थेंबही बऱ्यापैकी टिकतो.

आधीच पिंजारलेलं टोक सावरायचं असेल तर आधी पीळ कोणत्या दिशेचा आहे ते निरखा. त्याच दिशेनं बोटांनी फिरवत तारा बसवा, फेव्हीक्विक लावा, वाळलं की सगळ्यात वाईट तेवढा भाग कापून टाका. उलट फिरवलं तर जे जुळलंय तेही सुटेल.

दुकानदाराचं एका बाबतीत बरोबर आहे. बोल्टच्या पुढे लोंबणारं टोक पिंजारलं असेल तर तो नुसता त्रास आहे, बोटाला टोचतं इतकंच. पण बोल्टच्या आत, लिव्हरच्या बाजूला, एक जरी तार तुटलेली दिसली तर वायर बदला. लिव्हर पूर्ण दाबून आत डोकावून पाहा. वायरच्या डोक्यापाशी, जिथे ती रोज वाकते, तिथल्या तारा सगळ्यात आधी तुटतात आणि बाहेरून दिसत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात आउटरमध्ये पाणी शिरतं, जस्त चढवलेली साधी वायर आत गंजते आणि लिव्हर जड होते. तेव्हाही ओढून कसत बसू नका, वायर-आउटर दोन्ही बदला. (जुन्या काळ्या सायकलींना सळईचे ब्रेक होते. तेही रिमवरच दाबायचे, पण वायर नाही म्हणून ही भानगडच नाही.)

नवी घ्यायला जाताना जुनी वायर बरोबर न्या. सरळ हँडलच्या लिव्हरला आडव्या दंडगोल डोक्याची वायर लागते, वळलेल्या रेसिंग हँडलला पेरूसारख्या डोक्याची. गिअरची वायर पातळ असते, तिचं डोकंही लहान, ती ब्रेकला चालणार नाही. आउटरही ब्रेकचंच मागा, पाच मिलिमीटरचं, आत पट्टीची गुंडाळी असलेलं. गिअरच्या आउटरमध्ये तारा उभ्या असतात, ब्रेक जोरात दाबला की ते फाटतं.