रॅलीची गाडी कोणाला दिसावी?

प्रिय मित्रास,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र आणि सोबतचा खर्चाचा कागद वाचला. पहिल्या मोटार-रॅलीसाठी घेतलेल्या जुन्या मारुती एस्टीमच्या डेंटिंग-पेंटिंगला ४५ हजार आणि रेडियमवाल्याला १२ हजार मांडले आहेस, आणि त्याच कागदावर टायरच्या ओळीपुढे ‘नंतर पाहू’ असा शेरा आहे. गाडी उठून दिसलीच पाहिजे, म्हणजे प्रायोजकही मिळतील, असा शेजारी बसून वाट सांगणाऱ्या तुझ्या को-ड्रायव्हरचा आग्रह, तर हौशी संघाने दिसण्याच्या फंदात पडूच नये असे तुझे म्हणणे. मला दोघांचेही पुरते पटलेले नाही. वळणावर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला गाडी क्षणभर दिसते आणि मग उरतो तो धुरळा. पण तुमचा मेकॅनिक, स्क्रूटिनीला, म्हणजे स्पर्धेआधीच्या तपासणीला, बसलेले अधिकारी आणि स्टेजवर, म्हणजे घड्याळ लावून पळायच्या बंद रस्त्यावर, मदतीला उभे असलेले मार्शल यांना ती जवळून, कधी वाकून, कधी घाईघाईत पाहावी लागते. गाडीचे रूप आधी त्यांच्या सोयीचे करावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

मेकॅनिकपासून सुरुवात करतो. आमचीही एस्टीमच होती. एका रॅलीत दुपारच्या सर्व्हिसला, म्हणजे दुरुस्तीच्या थांब्यावर, आमच्या मेकॅनिक पोराने पुढच्या चाकावरचा चिखल बादलीभर पाण्याने धुऊन काढला आणि फडके फिरवता फिरवता तो थांबला. शॉकअब्सॉर्बर जिथे वर बॉडीला बसतो त्या टॉवरच्या वेल्डिंगलगत केसाएवढी तांबूस रेघ दिसत होती. आम्ही ती आधी मुरमाच्या लाल मातीचा ओघळ समजलो, पण नख फिरवले तेव्हा ते अडकले. तो भाग पातळ पांढऱ्या रंगाचा होता म्हणूनच रेघ दिसली. तिथे जाड काळे अंडरकोटिंग असते, तर पुढच्याच एखाद्या खड्ड्यात टॉवर वर आला असता. तेव्हापासून माझा नियम असा की इंजिनच्या खोलीत, चाकांच्या कमानींत आणि आतल्या रोलकेजवर (गाडी उलटली तर वाचवणाऱ्या पाइपांच्या सांगाड्यावर) फिकट रंगाचा एकच पातळ हात द्यावा, म्हणजे तेलाची गळती, चिरलेला वेल्ड, निसटून पडलेला नट लगेच नजरेत येतो. पेंटर मात्र नेमके उलटे करतो: जुन्या ठोक्यांवर लांबी (पुट्टी) भरतो, वरून चकचकीत रंग मारतो, आणि आत काय दडले आहे ते त्यालाही कळत नाही, तुम्हालाही नाही.

मार्शलच्या नजरेचा धडा मला जरा महागात पडला. गाडीला रंग देताना आमच्या पेंटरने पुढच्या टो-हुकलाही, म्हणजे अडकलेली गाडी ओढायच्या कडीलाही, बॉडीचाच पांढरा रंग फासला होता आणि ‘एकसारखे दिसते’ म्हणून आम्ही खूशही झालो होतो. नाशिककडच्या एका स्टेजवर गाडी चरात गेली, नाकावर चिखल बसला, मदतीला धावलेल्या माणसांना हुक सापडेना, म्हणून त्यांनी दोर बंपरला बांधला. पहिल्या हिसड्याला बंपर त्यांच्या हातात आला आणि गाडी होती तिथेच राहिली. टो-हुक पिवळा, लाल किंवा नारिंगी असावा, असे एफआयए या मोटार-स्पर्धांच्या जागतिक संघटनेचे नियम उगीच सांगत नाहीत. बाहेरून वीज तोडण्याच्या स्विचपाशी पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात लाल ठिणगी हवी आणि त्या त्रिकोणाचा पाया किमान १२ सेंटीमीटर हवा. अग्निशामक बाहेरून सुरू करण्याच्या जागी लाल कडेच्या पांढऱ्या वर्तुळात लाल ‘ई’ हवा, व्यास किमान १० सेंटीमीटर. रेडियमवाल्याकडून पहिल्यांदा हे करून घे, आणि तुमच्या रॅलीच्या पुरवणी नियमांत स्पर्धा-क्रमांकाच्या व आयोजकांच्या जाहिरातीच्या जागा कोणत्या ठरवल्या आहेत ते पाहिल्याखेरीज दारांवर एकही पट्टा ओढू देऊ नकोस.

सौंदर्याचे मला वावडे आहे असे समजू नकोस. १९७२ साली माँटे कार्लो रॅली जिंकलेली लाल लॅन्सिया फुल्व्हिया आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे; तिचे काळे मॅट बॉनेट काय देखणे दिसते! पण त्या काळच्या रॅली-गाड्यांची बॉनेटे काळी करत, ती उन्हाची आणि जादा दिव्यांची तिरीप चालकाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. तुलाही तसे करता येईल, मॅट काळ्या रंगाला फार पैसे लागत नाहीत. डॅशबोर्डवर मात्र चकचकीत पॉलिश अजिबात मारू नकोस, त्याचे प्रतिबिंब काचेत पडते.

प्रायोजकाचा मुद्दा तुझ्या जोडीदाराने बरोबर काढला आहे. गावातला टायरवाला किंवा गॅरेजवाला तुम्हाला पाच-दहा हजार देणार, तो आपले नाव फोटोत वाचता यावे म्हणून. तेव्हा एकाच रंगाच्या स्वच्छ गाडीवर दोन-तीन नावे ठळक लावा. वीस स्टिकरांच्या गर्दीत कोणाचेच नाव लागत नाही. गाडीचा मूळ रंग बदलायचा विचार असेल, तर आरसी बुकातली रंगाची नोंद विसरू नका, कारण एका स्टेजपासून दुसऱ्या स्टेजपर्यंत तुम्ही सर्वांसारखेच सार्वजनिक रस्त्याने जाणार आहात.

माझ्या हिशेबाने पेंटरला दहा हजारांपेक्षा जास्त देऊ नये. वाचलेल्या पैशांतून टायर आजच सांगून ठेव. आणि रंगाला टाकण्याआधी, येत्या रविवारी, गाडी धुऊन माझ्याकडे घेऊन ये. तारेचा ब्रश आणि टॉर्च माझ्याकडे आहे, चारही टॉवर आपण एकदा घासून पाहू.

तुझा,
जुना को-ड्रायव्हर