रेफरीकाकांना विचारा : सात नंबरचा शर्ट

नमस्कार रेफरीसाहेब. माझा मुलगा नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीत आहे, काम अमेरिकेच्या वेळेवर. तिथल्या लोकांच्या नादाने त्याला त्यांच्या फुटबॉलचं वेड लागलं. हॅरिसन बटकर नावाच्या खेळाडूचा सात नंबरचा लाल शर्ट मागवला. मग सूनबाईंना कळलं, की या बटकरने एका कॉलेजात मुलींना घरसंसाराचे धडे दिलेत. शर्ट फरशी पुसायच्या बादलीत गेला! मुलगा म्हणतो, खेळ वेगळा, बोलणं वेगळं. सून म्हणते, या फ्लॅटचा अर्धा हप्ता माझ्या पगारातून जातो. आता तुम्हीच शिटी वाजवा. — एक सासूबाई, त्रिमूर्ती नगर

ताई, बत्तीस वर्षं शिटी वाजवली, पण मैदानावर. आमच्या घरात ती दुसऱ्याच्या हातात असते.

आधी हा माणूस करतो काय ते ऐका. अमेरिकन फुटबॉलमधला किकर सामनाभर बाकावर बसून असतो. बोलावलं की यायचं. एक गडी दोन पायांमधून चेंडू मागे फेकतो, दुसरा गुडघ्यावर बसून तो झेलतो आणि टोकावर उभा धरतो, तिसरा हा, तो मारतो. सगळं दीड सेकंदाच्या आत. चेंडू नारळासारखा लांबट. खांबांमधलं अंतर साडेअठरा फूट, आपल्या गोलचं चोवीस. वर आडवा दांडा दहा फुटांवर, त्याच्या वरून चेंडू जायला हवा. चुकलं तर लपायला जागा नाही.

बटकर जॉर्जिया टेकचा इंजिनिअर. २०१७ मध्ये कॅरोलिना संघाने त्याला निवडलं ते सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत, आणि राखीव म्हणून बसवून ठेवलं. सप्टेंबरमध्ये कॅन्सस सिटीच्या किकरला दुखापत झाली, तिकडून बोलावणं आलं. नंतर तीन सुपर बोल, म्हणजे तिथल्या लीगचे अंतिम सामने, त्याने जिंकले. फेब्रुवारी २०२३ चा सामना मुलाला पुन्हा लावायला सांगा. पहिल्या डावात याची ४२ यार्डांची किक डाव्या खांबावर आदळून बाहेर. शेवटी ३५-३५, घड्याळात मोजके सेकंद, आणि हाच गडी २७ यार्डांवरून मारून सामना काढतो. मला विजयाच्या किकपेक्षा ती खांबावर आदळलेली किक जास्त लक्षात राहिली. पेनल्टी हुकल्यावर उरलेला सामनाभर चेंडूपासून लांब पळणारी चांगली चांगली पोरं मी कामठीत पाहिली आहेत. पुढच्या वर्षी याने ५७ यार्डांवरून, म्हणजे सुमारे ५२ मीटरवरून मारून सुपर बोलचा विक्रम केला. आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ होती. मुलाने त्या दिवशी सुट्टी टाकली होती का, ते विचारा.

आता भाषण. ११ मे २०२४, कॅन्ससमधल्या ॲचिसन गावचं बेनेडिक्टाइन हे कॅथलिक कॉलेज, पदवीदान समारंभ. पदवी घ्यायला बसलेल्या मुलींना तो म्हणाला, की सर्वांत सैतानी खोटं तुम्हा बायकांना सांगितलं गेलंय. तुमच्यातल्या काही जणी करिअर करतीलही, पण बहुतेकींना ओढ लग्नाची आणि मुलांची असेल, असा त्याचा अंदाज. गर्भपात, टेस्ट ट्यूब बेबी, समलिंगींचा प्राइड महिना, तेव्हाचे अध्यक्ष बायडन, कोणाला सोडलं नाही. आणि स्वतःच्या बायकोबद्दल म्हणाला, तिचं आयुष्य खऱ्या अर्थाने सुरू झालं ते पत्नी आणि आई झाल्यावर, हे सगळ्यांत आधी तीच सांगेल.

हे मी घरी वाचून दाखवलं. आमच्या सौ. संत्री सोलत होत्या. म्हणाल्या, "पुन्हा वाचा." वाचलं. "ती बोलली का मग?" म्हटलं, नाही, माइकवर तोच होता. "मग ते वाक्य त्याचं झालं. तिचं कसं काय?"

ताई, मी गप्प झालो, त्याला कारण आहे. १९८८ मध्ये धाकट्याच्या वेळी हिने शिक्षिकेची नोकरी सोडली. "तिने आनंदाने सोडली," हे वाक्य मी लोकांना तीसेक वर्षं सांगत आलोय. तिला विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी विचारलं. म्हणाली, "बरेच दिवस आनंदच होता. घरामागच्या शाळेची घंटा ऐकू आली की नसायचा."

म्हणून तुमच्या मुलाचं "खेळ वेगळा, बोलणं वेगळं" मला ऑफसाइड वाटतं. त्या कॉलेजने याला काय इंजिनिअर म्हणून बोलावलं होतं? माइक त्याला पायाने मिळवून दिला. आणि गंमत पाहा, याची आई एमरी विद्यापीठाच्या कॅन्सर-रेडिएशन विभागात भौतिकशास्त्रज्ञ आहे. पण सूनबाईंनाही सांगा, भाषण पटलं नाही म्हणून ती २७ यार्डांची किक रद्द होत नाही. मी ज्यांच्या विचारांपासून चार हात लांब राहतो, अशांचे गोल आयुष्यभर मान्य करत आलोय.

लीगने ही मतं आमची नाहीत म्हणून हात झटकले. इकडे त्याच आठवड्यात त्याच्या शर्टाचा खप वाढला आणि ऑगस्टमध्ये क्लबने चार वर्षांचा, २ कोटी ५६ लाख डॉलरचा करार केला. बादलीतल्या शर्टाने त्याचं काही बिघडत नाही.

निकाल : फरशी या महिन्यात मुलाने पुसावी. आणि दुसरं फडकं घ्यावं. हे शर्ट पॉलिएस्टरचे असतात, पाणी शोषत नाहीत.

काका, मी कॅथलिक. ऑफिसात मला विचारतात, तुमचा धर्म हेच सांगतो का? — एक वाचक, मोहननगर

ॲचिसनच्याच बेनेडिक्टाइन सिस्टर्सचं, म्हणजे तिथल्या नन्सचं, उत्तर त्यांना दाखव. ज्या संस्थांच्या आधारावर ते कॉलेज उभं आहे, त्यांत या सिस्टर्सही आहेत. स्त्रीचं सर्वोच्च काम गृहिणी होणं हेच, हे आम्हाला मान्य नाही, असं त्यांनी पत्रक काढून सांगितलं. बटकरही कॅथलिकच, पण जुन्या लॅटिन मिस्साचा, म्हणजे लॅटिनमधल्या प्रार्थनाविधीचा, कैवारी. १९६० च्या दशकातल्या व्हॅटिकन परिषदेनंतर प्रार्थना लोकांच्या भाषेत आली, ते त्या मंडळींना फारसं रुचलेलं नाही. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जुन्या मिस्सावर बंधनं घातली. ज्ञानोबांनी गीता मराठीत आणली तेव्हापासून हा वाद आपल्याला ओळखीचा आहे की बाबू.

तो राजकारणात उतरला म्हणे? — धंतोलीहून एक वाचक

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने राजकीय निधी जमवणारी समिती काढली. पारंपरिक ख्रिस्ती विचारांच्या मतदारांना मतदानाला आणायचं, हा हेतू. मिसुरीचे सिनेटर जॉश हॉली यांना जाहीर पाठिंबा दिला, ते निवडूनही आले. समितीचं नाव 'अपराइट'. गोलच्या उभ्या खांबालाही इंग्रजीत हाच शब्द आणि सरळमार्गी माणसालाही. विचार पटोत न पटोत, नाव झकास शोधलंय.

सर, माझी फ्री किक लांब जाते. मला किकर होता येईल का? — कामठीचा एक विद्यार्थी

बटकरही शाळेत आपलाच फुटबॉल खेळायचा, तेव्हा रस्ता आहे. पण तो तिथल्या कॉलेजातून जातो आणि महागडा आहे. आधी हे कर : ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याने बफेलोविरुद्ध ६२ यार्डांवरून मारली, म्हणजे जवळपास ५७ मीटर. तेवढं अंतर टेपने मोज, चेंडू जमिनीवर ठेव आणि आपल्या गोलच्या आडव्या दांड्याच्या वरून दहापैकी किती जातात ते वहीत लिही. आपला दांडा त्यांच्यापेक्षा दोन फूट खाली आहे, हे विसरू नको. रविवारी सकाळी ये, वही घेऊन. चेंडूही आण. माझा पंक्चर आहे.