गोळ्यांनी थायरॉइड नॉर्मल आला, तरी बायकोचे डोळे मोठेच दिसतात. ते पूर्वीसारखे होतील का?

आधी एक विनंती. ‘डोळे काय वटारतेस’ असं तिला गमतीतसुद्धा म्हणू नका.

मी ते सहा महिने ऐकलं. दोन माणसांचं जेवत होते तरी वजन ५८ वरून ४९ किलोवर आलं. साताऱ्यात भर पावसाळ्यात मला घाम फुटायचा. गौरीजेवणाच्या दिवशी कटाची आमटी वाढताना हात असा थरथरला, की पळीभर आमटी पाहुणीच्या साडीवर सांडली. घाबरून वर बघितलं, तर जाऊबाई भर पंक्तीत म्हणाल्या, “सांडायचं हिनं आणि डोळे वटारायचे आमच्यावर!” सासूबाईंनी मान हलवली. मी खरंच तापट झालेय असं मलाही वाटायला लागलं.

निदान झालं ग्रेव्हजचं, म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जास्त चालण्याच्या आजाराचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी जुने फोटो मागितले, म्हणून ह्यांनी लग्नाचा अल्बम नेला. हळदीच्या फोटोत माझी वरची पापणी बुबुळाच्या कडेवर टेकलेली होती. आरशात मात्र बुबुळाच्या वर पांढरी पट्टी दिसत होती. डॉक्टर म्हणाल्या, “पापणी वर ओढली गेलीय. तुम्ही वटारत नाही आहात.” मी तिथेच रडले.

थायरॉइडला चेतवणाऱ्या अँटिबॉडीज डोळ्यामागच्या चरबीला आणि स्नायूंनाही सूज आणतात. म्हणून रक्ताचा रिपोर्ट सुधारला तरी डोळे आपल्याच गतीने चालतात. सौम्य त्रास बहुधा दीड-दोन वर्षांत शांत होतो, पण अगदी पूर्वीसारखे सगळ्यांचे होत नाहीत. माझा डावा अजून किंचित मोठा दिसतो. पापणीचं ऑपरेशन करायचं तर सूज शांत झाल्यावर, घाई नको. दिवसा थेंब, रात्री जेल आणि डोक्याखाली दोन उश्या, एवढ्यानेही खुपणं पुष्कळ कमी होतं.

घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर आजच बंद करा. तिनं ओढली तर डोळे बिघडण्याचा धोका खूप वाढतो, आणि दुसऱ्याचा धूरही तिच्या डोळ्यांजवळ नको. त्यात मी कुणाची भीड ठेवत नाही.

हो, आणि हे राहिलंच. रंग फिके दिसले किंवा नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एकाचे दोन दिसायला लागले तरी थांबू नका. कार्बिमाझोल (थायरॉइड कमी करायची गोळी) चालू असताना ताप आला, घसा दुखला, तर पुढची गोळी न घेता लगेच सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी करा. रेडिओआयोडीनचा, म्हणजे थायरॉइडवरच्या किरणोत्सारी औषधाचा विषय निघाला तर डोळ्यांचं आधी सांगा, त्याने डोळ्यांचा त्रास वाढू शकतो.

आणि तिचा जुना फोटो काढून घरच्यांसमोर ठेवा, तिला स्वतःला सांगावं लागू नये. आमच्याकडे ते कुणी केलं नाही. हळदीचा तो फोटो मी अल्बममधून काढून ठेवलाय. यंदा गौरीजेवणाला जाऊबाई आल्या की त्यांच्या हातात देणार आहे.